फॅमिली डॉक्टरची सेवा : आतल्या माणसाने केलेले परीक्षण

सेवेचे परीक्षण ती घेणाऱ्याने करावे, देणाऱ्याने करू नये, हा संकेत रास्त आहे. फॅमिली डॉक्टरच्या सेवेबाबत मी तो मोडतो आहे, याचे कारण असे की या सेवेतील ज्या उणिवा रुग्णाला सर्वाधिक महागात पडतात, त्या त्याला दवाखान्यात बसून दिसत नाहीत. त्यांचे मूळ आम्हा डॉक्टरांच्या शिक्षणात आहे, आणि रुग्ण तपासणे व विद्यार्थ्यांना शिकवणे ही दोन्ही कामे करणाऱ्याला ते रोज नजरेस पडते. येथे कोणा एका दवाखान्याचे गुणदोष सांगायचे नाहीत. दुखणे आले की माणूस प्रथम जिच्याकडे धाव घेतो ती सर्वसाधारण वैद्यकीय सेवा हा परीक्षणाचा विषय आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. एकाच डॉक्टरने त्याच माणसाला वर्षानुवर्षे पाहणे हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि सेवेच्या रचनेत तसेच डॉक्टरच्या प्रशिक्षणात नेमका त्याच भागाकडे काणाडोळा झाला आहे.

या सेवेकडून काय अपेक्षावे, याची सर्वांत नेमकी मांडणी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी केली. कोणतीही नवी तक्रार घेऊन प्रथम जाता यावे, नाते दीर्घकाळ टिकावे, नेहमीच्या बहुतेक गरजा तिथल्या तिथे भागाव्यात आणि इतरत्र चाललेल्या उपचारांचा मेळ कोणीतरी घालावा, अशा चार कसोट्या त्यांनी सांगितल्या. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर चांगला दवाखाना सहसा उतरतो, त्यामुळे त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ताप, खोकला, पाठदुखी, रक्तदाब, मधुमेह, लसीकरण, झोप न लागणे, एवढे सगळे एकाच खोलीत हाताळणारी दुसरी सेवा वैद्यकात नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या आणि चौथ्या कसोटीचा.

त्याआधी या सेवेची व्याप्ती लक्षात घ्यायला हवी, कारण ती डॉक्टरांच्याही लक्षात नसते. अमेरिकेतील आरोग्यसेवांचे संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे किंवा इजा होते. त्यांतील २५० जण डॉक्टरकडे जातात आणि बाकीचे दुखणे अंगावर काढतात किंवा घरीच निभावून नेतात. ९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागते, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते आणि विद्यापीठाशी संलग्न अशा मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो केवळ एक. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, हाच हिशेब नव्या आकड्यांनिशी पुन्हा मांडला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तसेच होते.

वैद्यकाचा विद्यार्थी शिकतो तो बहुतांशी या हजारातल्या एकावर. हे कोणी मुद्दाम घडवून आणलेले नाही. १९१० मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून जो अहवाल दिला, त्याने वैद्यकीय शिक्षणाला प्रयोगशाळेची आणि रुग्णालयाची भक्कम जोड दिली. त्या काळच्या कित्येक शाळा इतक्या सुमार होत्या की ही सुधारणा अत्यावश्यकच होती. मात्र तिचा एक परिणाम असा झाला की विद्यार्थी कायमचा रुग्णालयातील खाटेशेजारी उभा राहिला, आणि जिथे उरलेले नऊशे नव्व्याण्णव लोक वावरतात त्या जगाशी त्याची गाठ पडायची ती थेट पदवी मिळाल्यावर.

यामुळे बिघडते काय, हे एका उदाहरणाने दाखवतो, कारण हा मुद्दा ऐकायला सोपा असला तरी अंगवळणी पडायला वर्षे जातात. समजा एखादी चाचणी आजार असलेल्या शंभरातील नव्वदांना बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या शंभरातील नव्वदांना बरोबर सोडते. मोठ्या रुग्णालयाच्या विशेष विभागात येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो आजार असेल, तर तिथे चाचणीने आजार दाखवला की दहातील नऊ वेळा आजार खरोखरच असतो. आता तीच चाचणी प्राथमिक दवाखान्यात आणू, जिथे तशी तक्रार घेऊन येणाऱ्या शंभरात एखाद्यालाच तो आजार असतो. हजार जणांत आजारी दहा, त्यांतले नऊ पकडले जातील. पण निरोगी ९९० पैकी ९९ जणांचाही अहवाल आजार दाखवेल. म्हणजे १०८ जणांच्या हाती चिंताजनक कागद पडेल आणि त्यांतल्या केवळ नऊ जणांना आजार असेल. चाचणी तीच, यंत्र तेच, प्रयोगशाळा तीच. बदलली ती केवळ समोर बसलेली माणसे. रुग्णालयात घडलेला तरुण डॉक्टर दवाखान्यात बसला की डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला स्कॅन आणि थकव्याच्या प्रत्येक तक्रारीला पानभर रक्ततपासण्या लिहून देतो, ते अज्ञानामुळे नव्हे. तो शिकला त्या ठिकाणचे गणित तो इथे लावत असतो. त्या ९९ जणांच्या पुढच्या तपासण्या, त्यांच्या रात्रीच्या झोपा आणि क्वचित त्यांच्यावर होणाऱ्या अनावश्यक शस्त्रक्रिया हा त्या शिक्षणाचाच खर्च आहे, पण तो कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

चांगला फॅमिली डॉक्टर इथे एक वेगळे साधन वापरतो, आणि ते म्हणजे काळ. धोक्याची लक्षणे नाहीत याची खात्री करून घेऊन तो म्हणतो, "आठ दिवसांनी या, मध्येच अमुक किंवा तमुक झाले तर थांबू नका, लगेच या." हे वाक्य टाळाटाळीचे वाटते आणि पुष्कळ रुग्ण त्यावर नाराज होतात. वास्तविक त्यात एक पूर्ण योजना असते : कोणती शक्यता मनात आहे, कशाची वाट पाहायची आहे आणि कधी पाहायची नाही. मात्र ही योजना तेव्हाच चालते, जेव्हा आठ दिवसांनी समोर तोच डॉक्टर असतो. दुसरा असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि वाट पाहण्याचे धैर्य नसल्यामुळे बहुधा तपासण्यांपासूनच करतो.

आता मुख्य गुणाकडे वळतो. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक रहिवाशाला ठरावीक फॅमिली डॉक्टर नेमून घेता येतो, त्यामुळे कोणाचा डॉक्टर किती वर्षे तोच आहे याच्या नोंदी तिथे मिळतात. सुमारे ४५ लाख लोकांच्या अशा नोंदींवरून असे आढळले की, डॉक्टरशी वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेत, १५ वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये रात्री-अपरात्री सेवा घ्यावी लागणे, तातडीने दाखल व्हावे लागणे आणि मृत्यू, या तिन्हींची शक्यता सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी कमी होती. वेगवेगळ्या देशांतील अशाच २२ अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा त्यांपैकी १८ अभ्यासांत सातत्य आणि कमी मृत्युदर यांचा संबंध दिसला. हे सगळे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, आणि स्थिर आयुष्य जगणारी माणसे मुळातच अधिक निरोगी असू शकतात, ही शंका त्यांतून पूर्णपणे जात नाही. तरीही एखाद्या गोळीच्या बाबतीत असे आकडे आले असते, तर ती कधीच घरोघरी पोहोचली असती, असे मला वाटते.

सातत्य काम कसे करते, हे मात्र आकड्यांत दिसत नाही. कधीही कुरकुर न करणारा एक वयस्क गृहस्थ येतो आणि सांगतो, "काही विशेष नाही, थोडे बरे वाटत नाही." नव्या डॉक्टरच्या लेखी ही अगदी किरकोळ तक्रार आहे, नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ताप नाही, चला पुढे. ज्याने या गृहस्थाला दहा वर्षे पाहिले आहे तो मात्र कान टवकारतो, कारण हा माणूस एवढ्यासाठी दवाखान्याची पायरी चढणारा नव्हे. उलट दर महिन्याला छातीत धडधड होते म्हणून घाबरून येणाऱ्या बाईंच्या बाबतीत या वेळची धडधड नेहमीची आहे की निराळी, हेही त्यालाच ओळखता येते. अशी जाण केसपेपरवर उतरवता येत नाही. ती दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करता येत नाही, आणि म्हणूनच ती मोजणाऱ्यांच्या नजरेतून निसटते.

सेवेची सर्वांत ठळक उणीव वेळेची आहे आणि ती प्रत्येक रुग्णाला ठाऊक आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. ६७ देशांतील माहिती एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्राथमिक भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशातील ४८ सेकंदांपासून स्वीडनमधील साडेबावीस मिनिटांपर्यंत पसरलेला होता, आणि जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या जिथे राहते अशा १८ देशांत तो पाच मिनिटे किंवा त्याहून कमी होता. पाच मिनिटांत सातत्यालाही फारसे काही करता येत नाही. पण वेळेच्या सबबीआड आमची एक वाईट सवयही लपलेली आहे, आणि ती थेट प्रशिक्षणातून आलेली आहे. फॅमिली डॉक्टरांच्याच भेटींचे ध्वनिमुद्रण तपासणाऱ्या १९९९ मधील एका अमेरिकी अभ्यासात, रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी २३ सेकंदांत त्याला अडवून आपल्या प्रश्नांकडे वळवत असल्याचे दिसले. ज्यांना न अडवता बोलू दिले, त्यांना त्याहून सरासरी केवळ सहा सेकंद अधिक लागले होते. स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना मुद्दाम गप्प बसायला शिकवून रुग्ण आपणहून किती बोलतो हे मोजले, तेव्हा सरासरी दीड मिनिटाच्या आसपास आली. थोडक्यात, ऐकून घेतले तर दिवस कोलमडेल ही भीती निराधार आहे. अडवलेला रुग्ण खरी तक्रार शेवटासाठी राखून ठेवतो, आणि दाराशी पोहोचल्यावर मागे वळून म्हणतो, "आणि हो, जिना चढताना हल्ली छातीवर दाब येतो." मग त्या दिवशी खरी भेट तिथून सुरू होते.

एकट्या डॉक्टरवर किती लादले आहे, याचाही हिशेब झालेला आहे. अमेरिकेतील एका अभ्यासाने मांडले की, अडीच हजार प्रौढांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरने मार्गदर्शक सूचनांतील सर्व काही करायचे म्हटले तर त्याला दिवसाकाठी २६.७ तास लागतील. तेच काम परिचारिका, औषधनिर्माता, आहारतज्ज्ञ, समुपदेशक अशा गटात वाटले तर डॉक्टरच्या वाट्याला ९.३ तास येतात. गटाने काम करावे, हे त्यामुळे मला मान्य आहे. आक्षेप आहे तो गटाच्या नावाखाली दर वेळी नवा चेहरा समोर आणण्याला. चार-पाच जणांचा ठरलेला गट असेल आणि त्यातील एक डॉक्टर रुग्णाला "हा माझा" म्हणणारा असेल, तर सातत्य टिकते. तीस जणांच्या पाळीपत्रकात मात्र ते विरघळून जाते. तीच गोष्ट संगणकाची. नोंदी हव्यातच, पण पडद्याकडे पाहत प्रश्न विचारणारा डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्यावरचे बदल गमावतो, आणि शेजारी बसलेला विद्यार्थी भेट अशीच घ्यायची असते असे शिकून जातो.

चौथ्या कसोटीवर, म्हणजे इतरांच्या उपचारांचा मेळ घालण्यात, ही सेवा सर्वांत कमी पडते. एक साखळी मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर काढून दाखवतो. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होते. काहींना त्याने घोट्याभोवती सूज येते. ती सूज औषधाची आहे हे न ओळखता कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी देतो. तिने रक्तातील युरिक आम्ल वाढते आणि अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन ठणकू लागतो. त्यासाठी वेदनाशामक सुरू होते, आणि पुष्कळशा वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, म्हणून पहिल्या गोळीची मात्रा वाढवली जाते. या साखळीतील प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरते योग्यच केलेले असते. दोष असतो तो पूर्ण साखळी पाहणारे कोणीच नसण्यात, आणि ती पाहणे हे फॅमिली डॉक्टरचेच काम आहे. पण त्याच्याकडून मोठ्या रुग्णालयाकडे जाणाऱ्या चिठ्ठीत "कृपया तपासून सल्ला द्यावा" एवढेच असते, आणि तिकडून परत येणाऱ्या कार्डावर औषधांची यादी असते. कोणते औषध कशासाठी आणि कधी थांबवायचे, हे त्यावर नसते. दाखल असताना तीन-चार आठवड्यांपुरती दिलेली आम्लपित्ताची गोळी मग वर्षानुवर्षे चालू राहते. चांगली चिठ्ठी कशी लिहावी, हे शिकवायला एक दुपार पुरते, पण अभ्यासक्रमात तिला जागा नसते. औषध सुरू करण्याची परीक्षा होते, थांबवण्याची होत नाही.

शिक्षणात काय बदलावे, याची उत्तरे अज्ञात नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ पासून आपल्या काही विद्यार्थ्यांना नऊ महिने ग्रामीण भागातील डॉक्टरांबरोबर ठेवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना पूर्ण वर्षभर एकाच समुदायात राहून शिकू दिले. नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थी सहा आठवडे शल्यक्रिया, सहा आठवडे बालरोग, असा फिरत राहतो. सलग पद्धतीत तो ठरावीक रुग्णांबरोबर राहतो आणि ते जिथे जातील तिथे त्यांच्यामागे जातो. गरोदर बाईची पहिली तपासणी, प्रसूती आणि बाळाच्या पहिल्या लसी, हे सगळे एकच विद्यार्थी पाहतो. परीक्षेच्या गुणांत असे विद्यार्थी इतरांच्या मागे पडत नाहीत, हे वेळोवेळी दिसून आले आहे. तरीही बहुसंख्य महाविद्यालयांत ही पद्धत मूठभर उत्साही विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली असते. माझ्या मते ती सर्वांसाठी हवी, आणि हृदयाचा किंवा मेंदूचा तज्ज्ञ होऊ पाहणाऱ्याला तर अधिकच. आपण ज्या रुग्णाचे निदान केले त्याचे पुढे काय झाले, हे ज्याला कधीच कळत नाही, त्याचा आत्मविश्वास वाढत जातो आणि अंदाज मात्र सुधारत नाहीत.

परीक्षापद्धती हा यातील कळीचा भाग आहे. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे १९७५ मध्ये रूढ केलेली, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत जाण्याची प्रात्यक्षिक परीक्षा उपयुक्त आहे. तिने परीक्षकाच्या लहरीला पुष्कळ आळा बसला. पण काही मिनिटांच्या एका टेबलावर सातत्य मोजता येत नाही. वर्षभर सांभाळलेल्या रुग्णाची हकीगत विद्यार्थ्याने मांडावी, आपले कोणते अंदाज बदलले आणि का बदलले हे सांगावे, आणि त्यावर परीक्षकाने प्रश्न विचारावेत, अशी तोंडी परीक्षा घेणे अवघड नाही. तिला वेळ लागतो, एवढेच. आणखी एक गोष्ट कोणत्याच नियमावलीत नसते, पण जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होऊ पाहणाऱ्याबद्दल प्रत्येक वॉर्डात ऐकू येते : "एवढे चांगले गुण, आणि जीपी होणार?" अभ्यासक्रम कितीही सुधारला, तरी हे वाक्य प्राध्यापकाच्या तोंडी असेपर्यंत हुशार विद्यार्थी या वाटेला जाणार नाहीत. दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना महाविद्यालयात पूर्ण दर्जाचे प्राध्यापकपद देणे, हा त्यावरचा मला दिसणारा सर्वांत सरळ उपाय आहे.

तर ही सेवा घ्यावी का? जरूर घ्यावी, आणि आजारी नसतानाच घ्यायला सुरुवात करावी, कारण तिचा खरा लाभ काही वर्षांनी मिळू लागतो. ज्यांना एकाहून अधिक दीर्घ आजार आहेत, जे पाचांहून अधिक औषधे घेतात, ज्यांच्या घरात लहान मुले किंवा वृद्ध आहेत, त्यांच्यासाठी तर दुसरा शहाणपणाचा पर्याय मला दिसत नाही. दवाखाना निवडताना यंत्रसामग्री पाहण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : पुढच्या वेळी हेच डॉक्टर भेटतील का, ते नसतील तेव्हा कोण पाहील, आणि इतर डॉक्टरांनी लिहिलेली सगळी औषधे वर्षातून एकदा कोणी तपासून घेते का. भेटीला जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत आणि सर्वांत जास्त काळजी वाटणारी तक्रार सर्वांत आधी सांगावी. डॉक्टरशेजारी विद्यार्थी बसलेला असेल आणि तुमची हरकत नसेल, तर त्याला बसू द्यावे. मात्र पुढच्या भेटीलाही तोच विद्यार्थी असेल का, हे विचारावे. सध्या बहुतेक ठिकाणी याचे उत्तर "नाही" असेच मिळेल. पुरेशा रुग्णांनी हा प्रश्न विचारला, तर वेळापत्रक आखणाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागेल, कारण आम्हा शिक्षकांच्या तोंडून तो त्यांनी अनेकदा ऐकला आहे आणि आमचे म्हणणे बाजूला ठेवणे त्यांना सोपे जाते.